बाल्कनीतली ज्वारी

गेल्या शनिवारी बाबांचं नि माझं पुन्हा वाजलं. विषय तोच, बाल्कनीतली ज्वारीची थाळी. गाव सोडून पुण्यात आल्यापासून सकाळी पाखरांना दाणे घालणं हा त्यांचा एकमेव 'प्रोजेक्ट'. आणि मी म्हणतो, थाळी उचला.

आमच्याकडे ज्वारीवर येतात फक्त पारवे. दहा होते, आता तीस. त्यांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना वाईट, त्यात बाबांना दमा. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण आपण मजल्या-मजल्यावर छोटे कबुतरखाने चालवतोय, त्याचं काय?

बरं, चिमण्यांसाठी म्हणाल तर त्यांची पिल्लं वाढतात अळ्या-किड्यांवर. हिवाळ्यात येणारे धोबी, थिरथिरे तर थाळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांनाही किडेच हवेत, म्हणजे झाडं हवीत, फवारणी न केलेला एखादा कोपरा हवा. (आमच्या सोसायटीत दर महिन्याला पेस्ट कंट्रोल. असो.)

शेवटी तह झाला. ज्वारी बंद, मातीच्या परळात पाणी सुरू. आज सकाळी बुलबुलांची जोडी येऊन गेली. बाबा काहीच बोलले नाहीत. दुपारी मात्र परळ घासून पुन्हा भरताना दिसले.