ताणा एकदाच, बाणा रोज

स्टार्टअप सुरू करायचं डोक्यात आहे का? की घरातलंच कोणी नोकरी सोडायची भाषा करतंय आणि तुमची झोप उडाली आहे? दोघांसाठीही आज एका विणकरांच्या गावाची गोष्ट.

तामिळनाडूत कुंभकोणमच्या अगदी जवळ तिरुभुवनम् आहे. तंजावर जिल्हा, म्हणजे व्यंकोजीराजांचा मुलूख! तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेलं कंपहरेश्वराचं भव्य मंदिर इथे आहे, आणि घराघरांत हातमाग. इथल्या रेशमी साडीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं.

मागावर उभे धागे असतात तो ताणा आणि धोट्यातून आडवा जातो तो बाणा. ताणा म्हणजे हजारो धागे. ते मोजायचे, ताणायचे, एकेक करून जोडायचे. तो एकाच साडीपुरता नसतो, एकाहून जास्त साड्यांचा एकदमच चढवतात. एकदा चढला की त्याचा रंग आणि रुंदी ठरली! मध्येच मन बदललं तर महागडं रेशीम वाया. बाण्याचं तसं नाही. कांडी बदलली की रंग बदलला. चार ओळी चुकल्या तर उसवून पुन्हा विणता येतात.

तुमच्या व्यवसायातले निर्णयही असेच दोन जातींचे असतात. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनीही भागधारकांना लिहिलेल्या पत्रात दारांची उपमा देऊन हेच सांगितलं होतं. काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही. मला मात्र मागाची उपमा जास्त पटते, कारण दार एका क्षणात ओलांडता येतं, ताणा चढवायला दिवस लागतात. तेवढा वेळ विचाराला मिळतो.

गंमत म्हणजे आपण नेमकं उलट करतो. लोगो निळा की केशरी यावर तीन आठवडे चर्चा, आणि भागीदारी मात्र एका चहावर पक्की! लोगो, किंमत, पॅकिंग, जाहिरात हा सगळा बाणा. आज ठरवा, ग्राहक बघा, महिन्याने बदला. भागीदार कोण, कंपनीतला किती हिस्सा कोणाला, राहतं घर गहाण ठेवायचं का, हा ताणा. इथे घाई नको.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली बेळगावला पाठवायचे आणि बंधू रामूअण्णा त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. नोकरी सुरू, धंद्याची चाचणीही सुरू! पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. ते टिकून राहिले. कुंडलजवळ, औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. तोवर हाताशी बरीच वर्षांची कमाई होती, अनुभवाची.

आता पैशाचं. तिरुभुवनम्‌मध्ये विणकरांची सहकारी संस्था १९५५ पासून आहे. अशा संस्थेत रेशीम आणि जर संस्था देते, विणकर घरी विणतो, मजुरी घेतो आणि विक्री संस्था बघते. साडी दुकानात पडून राहिली तरी विणकराच्या घरातले दागिने गहाण पडत नाहीत. अर्थात नफाही एकट्याचा नसतो. हा सौदा प्रत्येकाला रुचेल असं नाही, पण तुमच्या धंद्यात माल पडून राहिला तर झळ कोणाला बसणार, हे आधी विचाराच. बाबांच्या पीएफला? आईच्या बांगड्यांना? मग त्यांनाही निर्णयाला बसवा.

आणि आईबाबांनो, "धंदा नको" एवढंच म्हणून थांबू नका. मुलांसोबत बसून दोन आकडे कागदावर लिहा. घरातून जास्तीत जास्त किती रक्कम द्यायची, आणि कोणत्या तारखेला पुन्हा हिशेबाला बसायचं. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. कागद फ्रिजवर लावला तरी चालेल!