मोठ्यांचं कपाट

"सातवीतल्या मुलीला हे चालेल ना?" बदलापूर-अंबरनाथकडच्या वाचनालयांत पुस्तक उलटसुलट करून पाहणारे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. मी 'चालेल' म्हणणाऱ्यांतला.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातला श्याम गोष्टी सांगतो त्या आश्रमातल्या सोबत्यांना, शाळेच्या वर्गाला नव्हे. तरी पिढ्यान्पिढ्या आपण ते पुस्तक मुलांच्याच हाती देत आलो. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतली जगप्रदक्षिणा १८७२ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः येत होती, म्हणजे वाचणारी मंडळी मिशीवाली. त्याच व्हर्नला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलं ते आपल्या बालवाचकांसाठी. मुलांचं कुठलं आणि मोठ्यांचं कुठलं, ही वाटणी पुस्तकांनी स्वतः कधी फारशी पाळलेली दिसत नाही.

उलटही घडतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन शाळकरी, पण त्याच्या कथा मोठ्यांसाठी. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची. ती नववीतल्याच मुलाला द्यायला पालक बिचकतात, याची मला गंमत वाटते. शिरोडकरवर जीव जडलेला मुकुंद पुस्तकात एकच आहे. पोराच्या वर्गात तसे चार-पाच तरी असतील.

आता 'बलुतं'. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ चं. त्यातली गरिबी, जात, दारू, शिव्या मुलांना झेपतील का, ही शंका खोटी नाही. पण उल्हासनगर आठवून पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं, त्यातून हे शहर उभं राहिलं. आजही पत्ता 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच सांगतात. घरदार कसं सुटलं, हे तिथल्या आजी-आजोबांनी सांगितलं असेल तेव्हा समोरच्या नातवाचा वयोगट थोडाच विचारला असेल! खरं दुःख घरात ऐकलेलं चालतं आणि पुस्तकातलं मात्र बाधतं, हे मला पटत नाही. जे कळत नाही ते मुलं सरळ ओलांडून पुढे जातात. कंटाळा आला तर पुस्तक मिटतात. तेवढी मुभा मात्र त्यांना हवी.

ती न देणारे पालक मला जास्त खटकतात. पाचवीतल्या मुलाने 'मृत्युंजय' संपवली, हे सोसायटीत सांगता यावं म्हणून ते त्याच्यामागे लागतात. त्या मुलाला खुशाल फास्टर फेणे वाचू द्यावा. बालसाहित्य म्हणजे काही मोठ्यांच्या पुस्तकांची पूर्वपरीक्षा नव्हे.

बदलापुरात श्याम जोशींनी उभारलेल्या 'ग्रंथसखा'कडे दुर्मीळ ग्रंथ आणि जुनी नियतकालिकं शोधत अभ्यासक येतात. अशा गावातल्या मुलाला बालविभागाच्या रॅकपाशीच अडवून ठेवायचं? निदान दर दोन पुस्तकांतलं एक तरी त्याला मोठ्यांच्या कपाटातून काढू द्यावं.

ज्यांना धाकधूक वाटते त्यांनी ते पुस्तक आधी स्वतः वाचावं. बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे सव्वा-दीड तास. खिडकी नाही तरी चौथी सीट मिळाली, तर 'शाळा' आठवड्याभरात संपते. मग रात्री जेवताना मुलाने त्यातलं काही विचारलंच, तर 'मोठा झालास की कळेल' असं म्हणायची वेळ येत नाही.