पिंपळी चाटवली म्हणून डोस निम्मा करू नका



परवा एका ग्रुपवर मेसेज फिरत होता. वासराला सुंठ-मिरी-पिंपळी चाटवा, अँटिबायोटिक निम्मंच लागतं, पैसे वाचतात. खाली अंगठ्यांची रांग. मी गप्प बसणार होतो, पण आमच्या गोठ्यातली गोष्ट आठवली.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत माझी दोन महिन्यांची एचएफ कालवड खोकायला लागली. ताप, नाकाला शेंबूड, श्वास घेताना बरगड्या वरखाली. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी इंजेक्शन दिलं आणि पुढं तोंडावाटे द्यायला ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी गोळी कुटून दुधात कालवायचो, तशी ती गपगुमान प्यायची. आई दोन्ही वेळेला त्रिकटूचा काढा गुळातून द्यायची. आणि हाडं बळकट व्हावीत म्हणून वडील चुन्याची निवळी पाजत होते. तिघांची माया तीन बाजूंनी, पण कोण काय देतंय हे एकमेकांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी ताप तसाच. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशातून देताय? "दुधातून" म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटतं. दुधात कॅल्शियम, निवळीतही तेच. चिकटलेलं औषध आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही, शेणावाटे निघून जातं. निमोनियात औषध फुफ्फुसापर्यंत पोचायला हवं, आणि मी तर ते वाटेतच अडवून ठेवलं होतं. एन्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधंही कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियमला अशीच अडकतात, म्हणजे मिनरल मिक्श्चरपण त्याच वेळी नको. कोळशाची पूड तर औषध स्वतःकडंच ओढून घेते. बाभळीच्या नाहीतर डाळिंबाच्या सालीचा तुरट काढाही गोळीबरोबर एकाच वेळी नको.

पिंपळीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती खोटी नाही. पिंपळी आणि मिरीत पिपेरिन असतं. यकृतात औषध मोडणारी काही एन्झाइम्स ते मंद करतं, आणि आतड्यात औषध परत बाहेर ढकलणारा जो पंप असतो त्यालाही आवर घालतं. जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस हे काम पुढं आणलं. त्यातूनच पुढं 2009 मध्ये माणसांच्या टीबीवर एक गोळी आली. 10 मिलिग्रॅम पिपेरिन घालून रिफाम्पिसिन 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणलं. ग्रुपवरचा "निम्मा डोस" बहुतेक इथूनच उचललाय.

पण ती गोळी कशी आली ते बघा. एकाच औषधाचा डोस घटवून, पिपेरिन मोजून, माणसांवर चाचण्या घेऊन, तीस वर्षांनी. आपण चिमटीनं अंदाजे टाकतो. शिवाय सशांवरच्या प्रयोगात अख्खं त्रिकटू दिलं तेव्हा आयसोनियाझिड या टीबीच्याच औषधाची रक्तातली पातळी वाढायच्या ऐवजी घटली. म्हणजे पिंपळीनं औषध वाढेल की घटेल हे औषधागणिक, जनावरागणिक बदलतं. अंदाजानं निम्मा डोस दिला आणि पातळी घटली, तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुढच्या खेपेला तेच औषध त्याच गोठ्यात लागू पडत नाही.

त्यात वासरू म्हणजे लहान आकाराची गाय नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत यकृत पुरतं तयार नसतं, त्यामुळं पुष्कळ औषधं अंगात जास्त वेळ राहतात. त्यावर आणखी मंद करणारं काही दिलं की औषध साचू शकतं. इंजेक्शन दिलं म्हणून सुटलो असंही नाही, कारण तेही यकृतातूनच जात असेल तर काढा तिथं गाठतोच. करडं-बोकड खाटकाला विकणाऱ्यांनी याचा विचार करावा. बाटलीवर लिहिलेले "मांस वापरू नये" याचे दिवस नुसत्या औषधाचे मोजलेले असतात, काढ्यासकटचे नाहीत.

मी गावठी औषधाच्या विरोधात नाही. आंबेहळदीचा लेप आजही लावतो, साध्या खोकल्याला काढाही देतो. माझं म्हणणं इतकंच की अँटिबायोटिक चालू असताना पोटात जे जे जातं ते डॉक्टरला सांगा, आणि डोस त्यांनी ठरवलेलाच द्या. डॉक्टरांनीही विचारायला हवं. आमच्याकडं चौथ्या दिवशी विचारलं, पहिल्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आणि विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना विनंती, सशांचं पुरे, आमच्या घरोघरच्या काढ्यांचं वासरांत मोजून सांगा.

कालवड वाचली. गोळी साध्या पाण्यातून, दुधापासून दोन तास लांब, काढा आणि निवळी बंद, वर आणखी इंजेक्शनं. पण बरोबरीच्या कालवडी गाभण आहेत आणि ही अजून माजावर नाही. त्या चार दिवसांमुळंच, असं छातीठोक म्हणणार नाही. गोठ्याच्या दाराला आता एक वही टांगलीय. कुणी, काय, किती वाजता दिलं ते लिहायचं. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती काढा चुलीवर ठेवायच्या आधी ओरडून विचारते, "आज गोळी हाय का रं?"