अनुभवाचा रिकामा रकाना

दहावीला माझ्याकडे मराठी शिकलेली एक मुलगी परवा फोनवर रडकुंडीला आली होती. "सर, अंधेरीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत इंटरव्ह्यूला बोलावलंय. इंटर्न म्हणून. फॉर्मवर एक्सपिरियन्सचा रकाना आहे. त्यात काय लिहू?"

मुलगी मुंब्र्याची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरात या धंद्यातलं कुणी नाही. मी विचारलं, "या कामाचं डोक्यात कसं आलं?" तर म्हणाली, नानीच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करते. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, भिंतींवर आवाज आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना गोधड्या टांगायच्या. कुकरची शिट्टी मध्ये आली की ते वाक्य नानीला परत म्हणायला लावायचं. मग ऑडॅसिटी नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये खोकला, खाकरणं कापायचं. अशा चाळीस गोष्टी झाल्यात.

आता सांगा, हा अनुभव नाही तर काय आहे? पण तिला तो अनुभव वाटत नव्हता, कारण त्याचं सर्टिफिकेट नव्हतं. यात तिची चूक नाही, आम्हा शिक्षकांची आहे. शिक्का मारलेल्या कागदाशिवाय काहीही मोजायचं नाही, हे आम्हीच मुलांना शिकवलं. मी स्वतः बी.एड. करून पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा अनुभव विचारल्यावर मान खाली घालून "नाही" म्हणालो होतो. सराव पाठ घेतले होते, गल्लीतल्या पोरांना तीन वर्षं अलिफ-बे आणि बाराखडी शिकवली होती. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

इंटर्नशिपला मराठीत जुना, चांगला शब्द आहे: उमेदवारी. त्यात फारसीतली 'उमीद' आहे. उमेदवाराला काम येत असतं तर तो उमेदवार कशाला झाला असता? स्टुडिओवालेही हे जाणून असतात. त्यांना बघायचं असतं ते इतकंच, की हिच्या हातात लाखाचा माइक द्यावा की नाही.

म्हणून पाठ केलेली उत्तरं मी तिला वहीतून फाडायला लावली. 'मला संगीताची पॅशन आहे' हे वाक्य त्या खुर्चीत बसून प्रत्येक जण म्हणतो. त्याऐवजी आम्ही कामाची तयारी केली. माझा एक मित्र जाहिरातींच्या आवाजाची कामं करतो, त्याला दोन संध्याकाळी बसवलं. त्याने पहिल्यांदा तिच्या हातात वायर दिली आणि गुंडाळायला सांगितलं. तिने आपण सगळे गुंडाळतो तशी कोपर आणि अंगठ्यामधून गुंडाळली. तो हसला. तशी गुंडाळली की आतली तार पिळते आणि कधीतरी ऐन वेळी दगा देते. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं अशी गुंडाळली की फेकल्यावर गाठ न पडता सुटते. इंटर्नच्या आयुष्यातले पहिले कित्येक दिवस हेच: वायरी, स्टँड, चहा, कोणता टेक ठेवायचा त्याची नोंद, फाइलला नीट नाव, दोन ठिकाणी कॉपी.

मग त्याने विचारलं, "गायिका माइकसमोर उभी आहे आणि आत आवाज येत नाही. काय करशील?" ती गप्प. मी म्हटलं, अगं, व्याकरण चालवतेस तसं चालव. कर्ता कोण, क्रियापद कुठे, एका टोकापासून सुरुवात कर. माइक चालू आहे का, वायर दोन्हीकडे घट्ट बसली आहे का, कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज दिली आहे का, वायर योग्य चॅनलला आहे का, गेन उघडला आहे का. क्रमाने सांगितलं की समोरच्याला कळतं, ही घाबरून दहा बटणं फिरवणारी नाही. सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ आणि सिनेमा-व्हिडिओसाठी ४८, एवढं तिने लक्षात ठेवलं. बाकी जे येत नाही तिथे "येत नाही, दाखवलंत तर शिकेन" म्हणायचं. आणि आत काय रेकॉर्ड झालं ते बाहेर बोलायचं नाही, सेल्फीही नाही. हे न विचारता सांगितलं तर उत्तमच.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी ती सांगणारच नव्हती. तिला उर्दू आणि मराठी दोन्ही कानाने येतात. 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे अपमानित. नुक्ता हुकला तर तारीफेची शिवी होते. मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा, लिहायला एकच, बोलायला वेगळे. डबिंगमध्ये, ऑडिओ पुस्तकात हे वेळेवर पकडणारा माणूस हवा असतो. दिलीपकुमारांनी मराठी गायकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो असा शेरा मारला, तेव्हा लता मंगेशकरांनी उर्दूची शिकवणी लावली, हा किस्सा लताबाई स्वतःच सांगत. आमच्या पोरी मात्र घरात फुकट मिळालेला तलफ्फुज बायोडेटात लिहायला लाजतात. मी तो पहिल्या ओळीत लिहायला लावला.

घरचा प्रश्न राहिलाच. अब्बा रिक्षा चालवतात. त्यांचं म्हणणं दोन प्रकारचं होतं: गाण्याबजावण्याचं काम, आणि रात्रीची वेळ. पहिल्यावर मी फतवा द्यायला बसलो नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणालो की रसूल पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकले आणि २००९ मध्ये 'स्लमडॉग मिल्यनेअर'साठी ऑस्कर घेऊन आले. आवाजाचं काम म्हणजे नुसती गाणी नव्हेत, त्यात बातम्या आहेत, पुस्तकं आहेत, तुमच्या सासूबाईंच्या गोष्टी आहेत. दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर होता. मुंब्रा ते घाटकोपर लोकल, तिथून अंधेरीला मेट्रो. रात्री उशिरा स्टुडिओतून निघणाऱ्या मुलीने घर कसं गाठायचं?

आणि इथे माझी खरी तक्रार आहे. पुष्कळ ठिकाणी इंटर्नला पैसे देत नाहीत, 'शिकायला मिळतंय ना' म्हणतात. ज्याचा बाप अंधेरीतच राहतो त्याला हे परवडतं. रिक्षावाल्याच्या पोरीला पास, डबा आणि बुडालेल्या शिकवण्या मिळून ते शिकणं महागात जातं. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, पण उंबरा काहींनाच ओलांडता येतो. म्हणून मी तिला तीन प्रश्न विचारायला सांगितले: प्रवासखर्च मिळेल का, रात्री उशीर झाला तर गाडीची सोय आहे का, आणि किती महिन्यांनी पगाराचं बोलायचं. ती म्हणाली, "सर, असं विचारलं तर घेणार नाहीत." मी म्हटलं, शेवटी विचार, अदबीने विचार, पण विचार.

मंगळवारी ती जाऊन आली. तिन्ही प्रश्न विचारले. प्रवासखर्च देऊ म्हणाले, गाडीचं बघू म्हणाले, पगाराच्या प्रश्नावर हसले. नानीची एक गोष्ट मोबाइलवर ऐकवली, तर मागे हळू येणारा आवाज कसला म्हणून विचारलं त्यांनी. शेजारच्या शिलाई मशीनचा होता, तो कापायचा राहून गेला होता. शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालेत. अब्बांनी तोवर गाडीचं 'बघू' म्हणजे नक्की काय ते लेखी मागायला सांगितलंय.