रुक्क्यावर नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वालिदांना घेऊन घरी आली. निकाह ठरलेला, हॉल ठरलेला, अडलं होतं ते रुक्क्यावर. आपल्याकडे लग्नपत्रिकेला कितीही कार्ड म्हटलं तरी छपाईवाल्याच्या दारात तोंडातून ‘रुक्के कब मिलेंगे’ असंच निघतं. उर्दूचा मजकूर तपासून द्यायचा आणि मराठीचा लिहून द्यायचा, हे काम नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी आमच्यावर कधीचंच सोपवलेलं आहे.

मुलीनं मोबाइलमध्ये पंधरा-वीस नमुने जमवले होते. एकावर चक्क बीबी का मकबरा. आम्हाला हसू आलं. शहराची ओळख म्हणून ठीक आहे, पण शादीच्या रुक्क्यावर कबर? तिला म्हटलं, इमारत राहू दे, तिथल्या संगमरवरी जाळीची नक्षी घे. ती कडेला सुरेख दिसेल.

कागदाबद्दल मात्र आमचा हट्ट होता. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकानं 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागदाची परंपरा जोडली जाते. सुती चिंध्यांचा लगदा करून हातानं केलेला तो कागद. एवढं घराजवळ असताना चकचकीत सोनेरी कार्ड कशाला? फक्त एक सांभाळावं लागतं. हा कागद खरखरीत असतो, त्यावर बारीक अक्षर फुटतं आणि उर्दूचे नुक्ते एकमेकांत मिसळतात. म्हणून मजकूर थोडा, अक्षर मोठं आणि छपाई स्क्रीनची.

मुलीला मराठीत रुक्का हवा होता, कारण तिच्या मैत्रिणी आणि कामावरचे सगळे मराठी वाचणारे. दादींना फक्त उर्दू येतं. दोन वेगळे रुक्के छापले तर खर्च वाढतो. इथं दोन लिप्यांची दिशाच कामाला येते. उर्दू उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. एकाच घडीच्या कागदाला एका बाजूनं उर्दूचं मुखपृष्ठ, दुसऱ्या बाजूनं मराठीचं. कुणीच मागच्या पानावर जात नाही.

वालिद इतका वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “मॅडम, बच्ची का नाम लिखना ज़रूरी है क्या? रुक्का सौ हाथों में जाता है. कल कचरे में पड़ा मिलेगा.”

त्यांच्या जुन्या नमुन्यात मुलाचं नाव, त्याची पदवी, त्याच्या दादांचंही नाव होतं आणि मुलीच्या जागी ‘दुख्तर-ए-नेक-अख्तर’. म्हणजे सुदैवी कन्या. शब्द गोड आहे. आमच्या स्वतःच्या निकाहच्या रुक्क्यावरही तोच आहे. काही वर्षांपूर्वी पेटीतून तो निघाला, तेव्हा आमच्या मुलीनं दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि विचारलं, “अम्मी, इसमें तुम कहाँ हो?” आम्हाला उत्तर सुचलं नव्हतं.

कचऱ्याची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्याच भीतीनं कुणी बिस्मिल्लाहऐवजी 786 छापतात. तो अबजद अक्षरांच्या आकड्यांची बेरीज आहे, नाम नव्हे. आम्हाला त्यापेक्षा साधं ‘बिइस्मिही तआला’ बरं वाटतं. पण नावाचं म्हणाल तर मुलाचं नाव कचऱ्यात गेलेलं कसं चालतं? आणि निकाह तर जाहीर करायचा, लपवायचा नाही, ही आपली शिकवण. काझीसाहेब भर मजलिसमध्ये मुलीचं नाव, वडिलांचं नाव, महरची रक्कम मोठ्यानं सांगतात. हजरत खदीजा, हजरत आयेशा, हजरत फातिमा (रजि.) ही नावं आपण मिंबरवरून ऐकत मोठे झालो. अदब कमी झाला का?

मग मकबऱ्यावरच बोलणं आलं. तिथल्या मुख्य दरवाजावर कारागिरांची, अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. जिच्यासाठी तो बांधला, त्या दिलरस बानू बेगमला मात्र सारं शहर नुसतं ‘बीबी’ म्हणतं. वालिद म्हणाले, “ये तो हमको भी मालूम नहीं था.” त्या दिवशी त्यांनी होकार दिला नाही. चहा पिऊन गेले.

हॉलच्या फलकांचंही बोलून झालं होतं. मर्दाना, जनाना, वजू, जेवण, सगळं दोन्ही लिप्यांत. मोबाइलवर उर्दू जुळवून फ्लेक्सवाल्याला देऊ नका. त्याच्या यंत्रात अक्षरं सुटी होतात आणि कधी उलटी लागतात. एका शादीत आम्ही ‘खुशआमदीद’चे असे सुटे तुकडे दारावर लटकलेले पाहिले आहेत. उर्दूचा मजकूर चित्र करूनच द्यावा. आणि रुक्क्यावर नुसतं ‘बाद नमाज-ए-इशा’ लिहू नये, शेजारी घड्याळाची वेळ द्यावी. आमच्या शाळेतले एक सर ‘संध्याकाळची नमाज’ समजून सात वाजता सहकुटुंब पोचले आणि खुर्च्या मांडणाऱ्यांना मदत करत बसले. शाकाहारी जेवणाची सोय असेल तर तीही मराठी बाजूला लिहावी. पाहुणा विचारायला लाजतो.

परवा वालिद एकटेच प्रूफ घेऊन आले. मुलीचं नाव दोन्ही बाजूंना होतं, मुलाच्या नावाइतक्याच अक्षरात. मराठी नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. खाली ‘चश्म-ब-राह’च्या ओळीत त्यांचं नाव आणि पुढे ‘व अहलिया’. तिथं आम्ही पेन्सिलीनं एक गोल करून दिला आहे. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, प्रूफ घडी करून खिशात ठेवलं.