विझलेली भट्टी पुन्हा का पेटते?

एकदा मोडलेली हातभट्टी काही वर्षांनी पुन्हा पेटली, की गावाच्या नीतिमत्तेस दोष देऊन मोकळे होण्याची आपली रीत आहे. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळण्याची मुभा आहे. तेथील एखादा निवृत्त गृहस्थ अडगळीतले जुने पात्र घासूनपुसून पुन्हा हाती घेतो, तो केवळ छंद म्हणून. आपल्या 1949 च्या दारूबंदी कायद्यास छंद आणि धंदा हा भेद मान्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात तो करण्याची वेळही क्वचितच येते. येथे भट्टीकडे परतणारा बहुधा हौशी नसतो, गरजू असतो.

राळेगणसिद्धीत 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तीसहून अधिक भट्ट्या बंद झाल्या. देवळातील शपथेची कथा सर्वश्रुत आहे. तिच्या जोडीने झालेल्या बांधबंदिस्तीची आणि पाणी अडविण्याच्या कामांची कथा मात्र तितक्या आवडीने सांगितली जात नाही. पारनेरच्या अवर्षणग्रस्त माळावर दारू गाळणे हे न पिकणाऱ्या शेताला पर्यायी उत्पन्न होते. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले, तेव्हा ते सोडणे परवडू लागले. हा पर्याय ज्याच्या हाती आला नाही, त्याची शपथ एका दुष्काळापुरती टिकते.

त्यात किमतीचा प्रश्न आहे. 2025 मध्ये राज्याने उत्पादनशुल्क वाढविले आणि देशी दारूच्या 180 मिलिलिटर बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरविली. तिजोरीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परंतु अधिकृत बाटली जितकी महाग, तितका चोरट्या मालाचा नफा मोठा, हे साधे गणित अर्थखात्यास कोणी शिकवावयास नको.

खरा धोका याहून वेगळा आहे. गूळ आणि नवसागराचे रसायन आंबण्यास दिवस लागतात, त्याचा वास लपत नाही, भट्टीचा धूर दुरून दिसतो. छाप्यात प्रथम सापडतो तो हाच गाळणारा. मिथेनॉल मिसळणाऱ्यास ना आंबवण लागते ना सरपण. गुळाच्या आंबवणीत मिथेनॉल अत्यल्प निघते. सामुदायिक मृत्यू घडतात ते प्रामुख्याने बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. मुंबईत मालवणी येथे जून 2015 मध्ये शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने. या जिल्ह्यातही फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, पांगरमल येथे बनावट दारूने बळी घेतले.

म्हणून रसायनाची पिंपे ओढ्यात उपडी केल्याची छायाचित्रे पाहून समाधान मानणाऱ्यांनी एक विचारावे: त्याच महिन्यात कारखान्याच्या फाटकातून निघालेले मिथेनॉलचे किती टँकर वाटेत अडवून मोजले गेले? ही तपासणी कागदपत्रांत होते, तिथे फोडण्यासारखे काही नसते, आणि छायाचित्रकारही सहसा बोलाविला जात नाही.