वर्दी उतरल्यानंतरचा सिनेमा कोण काढणार?

सातारा-सांगलीच्या भरती अकादम्यांतली आपली पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि रात्री मोबाईलवर ‘प्रहार’ बघतात. नाना पाटेकरांचा, १९९१ चा. सिनेमा आम्हालाही आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. चिखल, दोरखंड, मेजर चव्हाणचा आवाज, सगळं अंगावर येतं. नानांनी त्यासाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीत खरंखुरं प्रशिक्षण घेतलं होतं.

आमचं भांडण पुढे आहे. ओलिसांना सोडवताना पीटर पाय गमावून घरी येतो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या हातून मरतो. म्हणजे शत्रू सीमेच्या आतही आहे, हे नानांना दिसलं. पण तो फक्त गुंड दिसला. जात दिसली नाही. कवायतीच्या मैदानावर सगळ्यांना सारखीच शिवी, सारखाच चिखल, म्हणून सगळे समान, असं हे सिनेमे आपल्याला शिकवतात. मैदानाच्या फाटकाबाहेर काय होतं?

साताऱ्यालाच विचारा. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करात शिक्षक होते, निवृत्त सुभेदार होते. १९०१ साली त्यांची पोरं चांगले कपडे घालून रेल्वेने मसूरला उतरली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर, त्यांच्याकडे निघालेली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर, की पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. वाटेत रात्री प्यायला पाणी मिळालं नाही. त्या पोरांतला एक भीमराव होता. बापाची सुभेदारी त्या बैलगाडीपर्यंतसुद्धा पोचली नाही!

आणि सैन्याचं फाटक तरी आपल्यासाठी कायम उघडं होतं काय? १८१८ ला कोरेगावला लढलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः माजी सैनिक, त्यांनी अर्ज लिहिला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा, १९१७ ला, १११ महार पलटण उभी राहिली. १९२१ ला मोडली. युद्ध आलं की या, संपलं की जा. १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती बेळगावात, जिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. या पन्नास वर्षांवर कुणाला सिनेमा काढावासा वाटला नाही.

जुन्या गोष्टी कशाला उकरता, असं काही मित्र म्हणतील. बरं, मग नवी घ्या. २०२३ साली मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि आपली माणसं बायकापोरांसह गाव सोडून मुंबईच्या वाटेला लागली. उद्या अशाच एखाद्या गावचा पोरगा वर्दी घालून सुट्टीवर आला, तर तो कोणत्या कमानीतून आत येणार?

अग्निपथ आल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, हा प्रश्न आणखी टोकदार झालाय. चार वर्षांनी शंभरातले फार तर पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. वयाच्या बाविशी-पंचविशीत तो पोरगा परत त्याच गावात, त्याच वस्तीत. तेव्हा अकादमीच्या मास्तरांनी पळण्याचं टायमिंग जरूर घ्यावं, पण फी घेतानाच परतीचंही बोलावं. आणि पोरांनो, तुम्ही धावा, भरती व्हा, आमचा त्याला विरोध नाही. बाबासाहेबांनीच महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला होता. मात्र वर्दीने जात जाते असं कुणी सांगितलं तर त्याला मसूरचं नाव सांगा. सांगलीहून पुण्याला निघालात की त्याच रुळांवर ते स्टेशन लागतं.

जय भीम.